सायकल चालवताना काही दुखू नये म्हणून: सीट, हँडल आणि पॅडल मापात आणण्याची रीत

आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी गेल्या दिवाळीत गियरची सायकल घेतली. वय ५२. पहिला आठवडा रोज पहाटे निघायच्या, दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड, आणि तिसऱ्या आठवड्यात पार्किंगमध्ये सायकलवर जुनी चादर टाकलेली दिसली. विचारलं तर म्हणाल्या, "अरे, गुडघा बोलायला लागला. या वयात नाही झेपत आता."

मी चादर काढून सायकल बघितली. सीट इतकी खाली होती की बसल्या बसल्या दोन्ही पावलं जमिनीला सपाट टेकत होती. अशा सीटवर बसून कुणीही पॅडल मारलं तरी गुडघा दुखेल, वय २२ असलं तरी.

माझंही हेच झालं होतं. डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखायचं. बाम झाले, नी-कॅप झाली, महिनाभर विश्रांती झाली. विश्रांतीनंतर पुन्हा सायकल काढली की पुन्हा तेच. शेवटी एका जुन्या सायकलवाल्या मित्राने माझ्या मागून दोन किलोमीटर सायकल चालवली, थांबवलं आणि सीट अडीच सेंटिमीटर वर केली. गुडघा तीन आठवड्यांत शांत झाला. ते सहा महिने फुकट गेल्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून हा लेख लिहितोय.

थोडा हिशोब करून बघा. मिनिटाला ८० फेरे या गतीने तासभर पॅडल मारलं तर प्रत्येक गुडघा ४,८०० वेळा वाकतो आणि सरळ होतो. जिना चढताना दोन-चार वेळा पाय वाकडा पडला तर शरीर ते सोसतं. इथे तोच वाकडेपणा तासाला ४,८०० वेळा होतो. त्यामुळे सायकलवर एक सेंटिमीटर हे मोठं माप आहे.

हत्यारं आणि वही

लागणारं सामान घरात असतं किंवा हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतं: ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या एलन की, मोजपट्टी, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचं एक पुस्तक, इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी, आणि दोऱ्याला एक नट बांधून केलेला ओळंबा. सायकल जुन्या पद्धतीची असेल तर १३ आणि १४ नंबरचा पाना जवळ ठेवा.

पण सगळ्यात आधी वही आणि पेन. काहीही हलवण्यापूर्वी आत्ताची मापं लिहा: क्रँक (पॅडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा) जिथे फिरतो त्या मधल्या बोल्टपासून सीटच्या माथ्यापर्यंत किती, सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंत किती, सीटपोस्टचा (सीटखालच्या, वर-खाली होणाऱ्या दांडीचा) किती भाग बाहेर आहे. बदल केल्यावर दुखणं वाढलं तर परत जायला वाट हवी. ही मापं मी लिहून ठेवली नव्हती, आणि पहिल्या दोन-तीन वेळा नेमका कुठे फिरलोय हेच मला कळेना.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा: एका वेळी एकच बदल. सीट वर केली, पुढे घेतली आणि हँडलही उचललं, तर आराम कशामुळे मिळाला हे कधीच कळत नाही.

फ्रेमच चुकीची असेल तर

हे आधी बघून टाका, म्हणजे पुढची मेहनत वाया जाणार नाही. सायकलच्या दांड्यावर दोन्हीकडे पाय टाकून जमिनीवर सपाट उभे राहा. दांडा आणि जांघ यांच्यात रोड किंवा हायब्रिड सायकलला किमान दोन-तीन सेंटिमीटर, माउंटन सायकलला पाच किंवा जास्त अंतर हवं. दांडा जांघेला टेकत असेल तर फ्रेम मोठी आहे. दांडा खूप उतरता असेल तर ही चाचणी काही सांगत नाही. तिथे हँडल हाताच्या टप्प्यात येतंय का एवढंच बघायचं.

बऱ्याच जणांना दुकानात शिल्लक असलेली सायकल "सीट खाली करून देतो ना" म्हणत दिलेली असते. सीट खाली करून फ्रेमची लांबी कमी होत नाही. अजून विकत घ्यायची असेल तर इथेच ठाम राहा. घेऊन झाली असेल आणि फरक एका मापाचा असेल, तर पुढचे उपाय बरंच सावरून घेतात.

सीटची उंची: निम्मं दुखणं इथेच

या पायरीला वेळ द्या. बाकी सगळं नंतर.

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. दोन्ही पायांत साधारण १५ सेंटिमीटर अंतर. पुस्तक उभं धरून त्याचा कणा वर येईल असं जांघेत घ्या आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढ्या जोराने वर दाबा. नुसतं टेकवून चालत नाही, तिथे दोन सेंटिमीटरची चूक सहज होते. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. तीनदा मोजा, सरासरी काढा.

या मापाला ०.८८३ ने गुणा. येईल तो आकडा क्रँकच्या मधल्या बोल्टपासून सीटच्या नळीच्या रेषेत सीटच्या माथ्यापर्यंतचा. पायाचं माप ८० सेंटिमीटर असेल तर सीट ७०.६ सेंटिमीटरवर. ७६ असेल तर ६७.१. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडने आणि त्याचे प्रशिक्षक सिरिल गिमार यांनी हे गणित लोकप्रिय केलं. त्या काळचे बूट-पॅडल आजच्यापेक्षा जाड होते आणि प्रत्येकाच्या क्रँकची लांबी, पावलाचा आकार, मांडीची लवचिकता वेगळी. त्यामुळे हा आकडा सुरुवातीचा थांबा समजा.

खरी परीक्षा टाचेची. सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागेवरच पॅडल मारता येणाऱ्या स्टँडवर, असेल तर उत्तम; नसेल तर भिंतीला हात टेकवा किंवा कुणाला तरी हँडल धरायला सांगा. रोज जे बूट घालून चालवता तेच घाला. सीटवर नीट मागे बसा, पॅडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण टाच टेकवण्यासाठी कंबर त्या बाजूला झुकता कामा नये. आता टाचेच्या जागी चवडा ठेवा. गुडघ्यात आपोआप हलकासा बाक येतो. मोबाईलवर बाजूने फोटो काढून कोन मोजायचा असेल, तर पाय पूर्ण सरळ असण्यापासून २५ ते ३५ अंशांचा बाक बरोबर समजतात. नवख्यांनी ३० ते ३५ च्या आसपास राहावं. अंगाला सवय नसताना पाय फार ताणला जायला नको.

मग कुणाला तरी तुमच्या मागे उभं करा आणि दहा-बारा फेरे मारा. कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट जास्त वर गेली आहे. पाय खालच्या टोकाला पोहोचताना बोटं खाली टोकदार होत असतील तरी तेच. याउलट वरच्या टोकाला गुडघा पोटाकडे येत असेल आणि चढावर मांड्या लवकर भरून येत असतील, तर सीट अजून खाली आहे.

सीट एकदम तीन-चार सेंटिमीटर उचलू नका. वर्षानुवर्षं आखडून चालवलेल्या पोटऱ्या आणि मांडीमागचे स्नायू लगेच तक्रार करतात. अर्धा सेंटिमीटर वाढवा, दोन-तीन फेऱ्या मारा, मग पुढचा अर्धा.

वर करताना सीटपोस्टवर कोरलेली आडवी रेघ शोधा. ती रेघ नळीच्या बाहेर दिसता कामा नये, कारण त्यापलीकडे सीटपोस्ट वाकतो किंवा फ्रेमला तडा जातो. रेघ येऊनही उंची कमी पडत असेल तर फ्रेम लहान आहे किंवा लांब सीटपोस्ट लागणार.

"पण मग पाय टेकत नाहीत!"

काकूंचं पहिलं वाक्य हेच होतं, आणि मला भेटलेल्या बहुतेक नवख्यांचंही. लहानपणी आपण भाड्याच्या सायकलवर दांड्याखालून पाय घालून हाफ पॅडल शिकलो, मग दांड्यावरून, मग सीटवर. सीटवर पोहोचलो तेव्हा पाय टेकणं म्हणजे सुरक्षित असणं हे डोक्यात बसलं. स्कूटरनेही तीच सवय लावली. ही भीती खरी आहे, तिला हसू नये. पण तिच्यावरचा उपाय सीट खाली करणं हा नाही. चढायची आणि उतरायची रीत बदलायची.

मापातल्या सीटवर बसून फार तर चवड्याची टोकं जमिनीला लागतात, तीही सायकल किंचित कलती करून. थांबताना सीटवर बसून राहायचंच नसतं. रीत अशी: दोन्ही ब्रेक हळू दाबायला लागा, एक पॅडल खाली न्या, त्या पायावर भार देऊन सीटवरून पुढे सरकून उभे राहा. सायकल जवळपास थांबली की दुसरा पाय जमिनीवर टाका आणि सायकल त्या बाजूला थोडी कलू द्या. आता तुम्ही दांड्यावर दोन्हीकडे पाय टाकून उभे आहात, सीट मागे आहे.

निघताना उलट. दांड्यावर उभे राहा, उजवं पॅडल घड्याळात दोन वाजतात तिथे आणा, त्यावर दाब द्या. दाबाने अंग वर उचललं जातं, सायकल पुढे जाते, आणि त्याच झोतात सीटवर बसायचं. आधी बसून मग पॅडल मारायला जाऊ नका, तोल तिथेच जातो.

काकूंना आम्ही रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये हेच करायला लावलं. त्यांच्या मुलीने सीट मागून धरली होती. पहिल्या पाच-सहा वेळा त्या पॅडलवर उभं राहायच्या ऐवजी दोन्ही पाय एकदम जमिनीकडे सोडायच्या. सातव्या वेळी हात ब्रेकवर घट्ट, ओठ दाबलेले, डावा पाय पॅडलवर, आणि एकदम सीटवरून उतरून उजवा पाय जमिनीवर. "अगं बाई, जमलं की!" एवढंच म्हणाल्या आणि न थांबता आणखी वीसेक वेळा केलं. त्या दिवशी सीट एक सेंटिमीटर वर गेली. पुढच्या रविवारी आणखी एक.

रहदारीत चालवायच्या आधी ही तालीम मोकळ्या जागेत पुरती होऊ द्या. सिग्नलला शिकायची ही गोष्ट नाही.

सीट पुढे-मागे

सीटखालचा बोल्ट सैल केला की सीट रुळांवर पुढे-मागे सरकते. क्रँक जमिनीला समांतर करा, पुढच्या पावलाचा चवडा पॅडलच्या आसावर, आणि गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली जो हाडाचा उंचवटा लागतो तिथून ओळंबा सोडा. दोरा पॅडलच्या आसावरून जायला हवा असा जुना ठोकताळा आहे. अमेरिकन सायकल बनवणारे कीथ बाँट्रॅगर यांनी या ठोकताळ्यामागे शरीरशास्त्राचा काही आधार नाही, हे सविस्तर दाखवून दिलंय. मला त्यांचं पटतं. तरीही सुरुवात करायला ओळंबा बरा, कारण सीट अगदीच भलतीकडे असेल तर तो लगेच दाखवतो.

त्यानंतर तोलाची परीक्षा घ्या. ट्रेनरवर मध्यम जोराने पॅडल मारत असताना हात हँडलवरून जेमतेम बोटभर उचला. अंग धपकन पुढे कोसळत असेल तर सीट दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या. ट्रेनर नसेल तर ही परीक्षा सोडून द्या. नवख्याने रस्त्यावर हात सोडू नयेत.

सीट मागे गेली की पॅडलपासूनचं अंतर वाढतं, म्हणून उंची पुन्हा मोजा. आणि हँडल लांब पडतंय म्हणून सीट पुढे ओढू नका. सीटची जागा पायांसाठी ठरते. हाताची अडचण हातापाशी सोडवायची.

सीटचा कल आणि रुंदी

सीटवर पुस्तक आडवं ठेवा, त्यावर मोबाईलमधलं लेव्हल. सपाट ठेवून सुरुवात करा. टोक वर असेल तर नाजूक भाग दबतो आणि बधिरपणा येतो. फार खाली असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहता. एक-दोन अंश खाली चालतं. त्याहून जास्त लागत असेल तर सीटच बदलायला हवी.

आपण बसतो ते दोन हाडांवर. ती हाडं सीटवर टेकली तर सीट कडक असूनही चालते, टेकली नाहीत तर मऊ असूनही दुखते. घरी मोजता येतं. पाटावर किंवा जिन्याच्या पायरीवर नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा, पातळ कपड्यांत त्यावर बसा, सायकलवर वाकता तेवढे पुढे वाका आणि टाचा उचला. मिनिटभराने उठा. पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतील, त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा. वाकून चालवत असाल तर त्यात साधारण दोन सेंटिमीटर, ताठ बसत असाल तर तीन किंवा जास्त मिळवा. ती तुमच्या सीटची रुंदी. बायकांच्या या हाडांमधलं अंतर सरासरीने जास्त असतं, आणि सायकलसोबत येणारी सीट बहुधा अरुंद असते. किती जणी हे दुखणं मुकाट्याने सोसतात आणि सायकल सोडून देतात! सीट बदलणं हा लाड नाही, पहिल्या खर्चांत तो धरावा.

जेलचं जाड कव्हर मात्र घेऊ नका. अर्ध्या तासाला बरं वाटतं. लांब अंतराला हाडं त्यात रुततात आणि मधला भाग वर येऊन नेमका नको तिथे दाबतो. त्याच पैशात पॅडची चड्डी घ्या, आणि ती आत दुसरं काही न घालता वापरा. आतल्या कपड्याची शिवण घामात मांडीला सोलून काढते.

हँडल

पाठ सुरुवातीला किती वाकवायची याला एकच उत्तर नाही, पण नवख्याचं हँडल सीटच्या पातळीत किंवा थोडं वर असावं. कोपर किंचित वाकलेलं, खांदे कानांपासून दूर, मनगट सरळ. खड्डा आला तर कोपर आपोआप मुडपलं पाहिजे. हात काठीसारखे ताठ असतील तर प्रत्येक धक्का सरळ मानेत जातो.

हँडल वर घ्यायचे दोन सोपे मार्ग आहेत. स्टेमच्या (हँडलला सायकलच्या पुढच्या नळीशी जोडणाऱ्या तुकड्याच्या) वर असलेल्या चकत्या काढून खाली घालायच्या, किंवा स्टेम उलटा लावायचा. १०० मिलिमीटर लांबीचा ६ अंशांचा स्टेम उलटा केला की हँडल साधारण दोन सेंटिमीटर वर येतं, आणि पैसाही लागत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर १० किंवा २० मिलिमीटर आखूड स्टेम घ्या.

हे काम स्वतः करताना क्रम पाळा. आधी स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट सैल, मग वरची टोपी काढा. परत बसवताना उलटं: आधी टोपीचा बोल्ट हलक्या हाताने, खेळ जाईपर्यंतच. मग हँडल पुढच्या चाकाशी काटकोनात करा, आणि शेवटी बाजूचे बोल्ट. बोल्ट किती आवळायचा याचा स्टेमवर छापलेला आकडा, बहुतेकदा ५ न्यूटन-मीटर, ओलांडू नका. शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हाताला ठकठक जाणवली तर टोपी सैल राहिली आहे. बाजूचे बोल्ट सोडून पुन्हा करा. कार्बनची नळी किंवा हँडल असेल तर टॉर्क पाना (किती आवळलं ते दाखवणारा पाना) नसताना हात लावू नका, मेकॅनिककडून करून घ्या.

सरळ हँडल असेल तर ब्रेकच्या मुठी बघा. बोटं ब्रेकवर ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेष दिसली पाहिजे. बहुतेक सायकलींना ब्रेकच्या मुठी आडव्या लावलेल्या असतात, त्यामुळे मनगट मागे मुडपून चालवावं लागतं. एक बोल्ट सैल करून त्या खाली झुकवा. हात लहान असेल तर मुठीतला बारीक स्क्रू फिरवून ब्रेकची दांडी हँडलजवळ आणता येते. हा स्क्रू कुणी दाखवत नाही.

पाऊल

पॅडलवर चवडा ठेवायचा, तळपायाचा खोलगट भाग नको. चप्पल किंवा लिबलिबीत तळाचा बूट नको. क्लिटचे बूट (तळाला पॅडलमध्ये अडकणारी पट्टी असलेले) पहिल्या काही महिन्यांत घाईने घेऊ नका. घेतलेच तर क्लिट चवड्याच्या हाडाखाली किंवा जरा मागे बसवा आणि पावलाला थोडं फिरू देणारा प्रकार निवडा. शिमानो कंपनीच्या रोड क्लिटमध्ये पिवळा ६ अंश फिरू देतो, निळा २, लाल अजिबात नाही. सुरुवात पिवळ्यानेच करा.

दुखतंय कुठे, बिघडलंय कुठे

आता सगळ्यात उपयोगाचा भाग. सायकलवर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार फार होतो. दुखतं एकीकडे, कारण दुसरीकडे असतं.

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीपाशी दुखत असेल तर सीट खाली आहे किंवा फार पुढे. पण सीट बरोबर असूनही जड गियरमध्ये रेटून चालवणाऱ्याचं तिथेच दुखतं. सपाटीला मिनिटाला ७०-८० फेरे पडतील असा हलका गियर ठेवा. गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर सीट वर किंवा फार मागे. बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर सीटची उंची आणि पाऊल आत वळलेलं आहे का ते बघा, विशेषतः क्लिट असतील तर.

हाताला मुंग्या येण्याचं उदाहरण घ्या. लोक आधी हातमोजे घेतात, मग ग्रिप बदलतात. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळहाताच्या बाहेरच्या कडेला अल्नर नस दबतेय, कारण अंगाचा भार हातांवर येतोय. आणि भार येतो तो सीटचं टोक खाली असल्यामुळे किंवा हँडल लांब पडल्यामुळे. म्हणून हातासाठी आधी सीटचं लेव्हल तपासा. अंगठा आणि त्याशेजारची बोटं बधिर होत असतील तर मनगट मुडपलेलं असतं. तिथे ब्रेकच्या मुठीचा कोन बदला.

मान आणि खांदे दुखत असतील तर हँडल लांब किंवा खाली. हेल्मेटचा पुढचा छज्जा डोळ्यांवर आला असेल तरी मान सतत उचलून धरावी लागते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. कंबर दुखत असेल तर आधी मागून कुणाला तरी बघायला लावा: कंबर डुलतेय का? तसं नसेल तर हँडल जवळ आणा. घोटा आणि पोटरी दुखत असेल तर सीट उंच. पायाची बोटं बधिर होत असतील तर बुटाची नाडी सैल करा आणि पाऊल जरा पुढे सरकवा, म्हणजे दाब बोटांवरून मागे जाईल.

आणि सगळं अंगच दुखत असेल तर टायर बघा. टायरच्या बाजूला छापलेला आकडा हवेची कमाल मर्यादा सांगतो, भरायची हवा नव्हे. ७० किलोच्या माणसाला ३२ मिलिमीटरच्या टायरमध्ये ५० ते ६० पीएसआय पुरतात. आपल्या रस्त्यांवर हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पारखायचं कसं

प्रत्येक बदलानंतर तोच रस्ता धरा. माझ्यासाठी तो खडकवासल्याला जाऊन परत येणं हा आहे. चढ, उतार, खराब डांबर सगळं माहीत असल्यामुळे फरक बदलाचाच असतो, रस्त्याचा नसतो. परत आल्यावर दोन ओळी लिहा: काय हलवलं, काय दुखलं, कितव्या किलोमीटरला. "कितव्या किलोमीटरला" हे लिहायला विसरू नका. दहाव्या किलोमीटरला सुरू होणारं दुखणं पुढच्या वेळी अठराव्याला सुरू झालं, तर तुम्ही बरोबर दिशेने चाललाय.

अंतर मात्र एकदम वाढवू नका. २० किलोमीटरला काहीच न दुखणारी सायकल २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत (ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब राइडमध्ये) पहिल्यांदा बोलते. साडेतेरा तासांची मुदत असते तिथे, आणि सीटवरच्या दोन मिलिमीटरच्या चुकीला तेवढा वेळ पुरेसा होतो. अशा राइडच्या आदल्या दिवशी कुठलाही बदल करू नका, नवी सीटसुद्धा नको.

एकदा जमलेलं माप कायमचं राहील असंही धरून चालू नका. वजन कमी होतं, कंबर मोकळी होते, बूट बदलतात. १९६९ साली फ्रान्समधल्या ब्लोआच्या वेलोड्रोमवर (सायकल शर्यतींच्या ट्रॅकवर) बेल्जियमचा नामवंत सायकलपटू एडी मर्क्स पडला आणि त्याच्या पाठीला-कमरेला इजा झाली. त्यानंतर तो आपल्या सीटची उंची सतत बदलत राहिला, अगदी शर्यत चालू असतानासुद्धा. १९७२ मध्ये त्याने तासाला ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम केला तो या दुखापतीनंतर. शरीर बदललं की सायकलनेही बदलायचं असतं.

काही गोष्टींना मात्र एलन कीचा उपयोग नाही. गुडघ्याला सूज आली, तो अडकायला लागला, रात्री झोपेतही दुखायला लागला, कमरेतून पायात कळ जायला लागली, किंवा हाताचा अथवा जांघेतला बधिरपणा सायकलवरून उतरल्यावर दुसऱ्या दिवशीही राहिला, तर सायकल बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. दोन्ही पायांच्या लांबीत फरक असेल, जुनी शस्त्रक्रिया असेल किंवा तीन-चार महिने नेटाने करूनही दुखणं हटत नसेल, तर सायकल अंगाच्या मापात बसवून देणाऱ्या जाणकाराचे पैसे वसूल होतात. त्याच्याकडे जाताना आपली वही घेऊन जा. आणि निवडताना एवढंच बघा: तो आधी तुम्हाला झोपवून पाय, कंबर आणि पाठ तपासतो का, की थेट सायकलला हात घालतो.

सगळं मनासारखं बसलं की सीटपोस्टवर, नळीच्या तोंडाशी, चिकटपट्टीचा एक पक्का वेढा द्या. गाडीत घालताना, एसटीच्या टपावर चढवताना किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी चालवली तर सीट खाली होतेच. काकूंच्या सायकलवर लाल पट्टी आहे. त्यांचा नातू सुट्टीत सीट खाली करून चालवतो, आणि तो गेला की त्या स्वतः क्विक रिलीज (पान्याशिवाय सीट सैल करणारा खटका) सोडून सीट पट्टीपर्यंत वर घेतात.